गाईची कातडी उन्हानं गेली की चाऱ्यानं?

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं:

"नवरा सुरतेला कारखान्यात आहे. घरी मी, सासूबाई आणि दोन मुलं. दोन संकरित गाई, एक गावरान गाय, एक म्हैस आणि सात शेळ्या माझ्या अंगावर. यंदा कडबा परवडेना, म्हणून आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) गुरं गावच्या गुराख्याकडे जंगलकाठाला चरायला सोडते. मागच्या आठवड्यात काळ्या-पांढऱ्या गाईनं रवंथ सोडला. डोळे सुजले, कान जड होऊन खाली पडले, आणि मग अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी तडकून सुटायला लागली. काळ्या भागाला काहीच नाही. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं. एक दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, 'गायले नजर लागनी.' नवरा फोनवर म्हणतो, गुराख्यानं लक्ष दिलं नाही, त्याला काढ आणि या महिन्याचे पैसे देऊ नको. नणंदेचा मुलगा न्यूझीलंडला डेअरी फार्मवर आहे. तो फोटो बघून म्हणाला, 'मामी, हा फेशियल एक्झिमा आहे, सगळ्या गुरांना झिंक द्या.' दिराच्या केळीसाठी आणलेली झिंक सल्फेटची पिशवी घरातच आहे. तेच देऊ का? गुराखी माझ्या लग्नाच्या आधीपासून या घराची गुरं राखतो, त्याला काढायला जीव होत नाही. गाय पाच महिन्यांची गाभण आहे. वाईट काही होण्याआधी विकून टाकू का?"

ताई,

आधी झिंकचं बघू, कारण तिथे घाई झाली तर नुकसान मोठं आहे. ती पिशवी आजच दिराकडे परत पाठवा. केळीला घालायचं झिंक सल्फेट हे खत आहे. खताच्या प्रतीच्या मालात शिसं, कॅडमियम असे धातू असू शकतात. अगदी शुद्ध माल मिळाला तरी जस्ताची, म्हणजे झिंकची, मात्रा जनावराच्या वजनावर मोजून द्यावी लागते, आणि ती चुकली तर जस्तच विष होतं. मुठीच्या अंदाजानं पेंडीत कालवायची ती वस्तू नव्हे.

पण भाच्यावर रागावू नका. त्यानं फोटोत जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं. सुजलेल्या पापण्या, पडलेले कान, फक्त पांढऱ्या जागची सुटलेली कातडी हे सगळं तो तिकडच्या गाईंवर बघत असणार. तिकडे जनावरं बहुतेक रायगवताच्या दाट कुरणावर असतात. उन्हाळा सरताना, साधारण जानेवारी ते मे या काळात, रात्री उबदार राहिल्या आणि हलका पाऊस पडून गेला, की गवताच्या बुडाशी साचलेल्या वाळक्या पाचोळ्यावर एक बुरशी वाढते. तिच्या बीजाणूंत स्पोरिडेस्मिन नावाचं विष असतं. गवत बुडापर्यंत खाल्लं गेलं की ते पोटात जातं आणि यकृतातल्या पित्तनलिका खराब करतं. यालाच तिकडे फेशियल एक्झिमा म्हणतात. जस्त या एका विषाला अडवतं, तेही ते पोटात जायच्या आधीपासून जस्त सुरू असेल तरच. म्हणून तिकडचे शेतकरी गवतावरचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घेतात आणि आकडा चढायच्या आत जस्त सुरू करतात. आजारी पडलेल्या गाईला जस्त दिल्यानं तिकडेही ती बरी होत नाही. हे भाच्याला नुसतं विचारा, तोच सांगेल.

जस्ताचा हा उपयोग पुढे आणला तो 1970च्या दशकात ग्लॅडिस रीड नावाच्या एका शेतकरी बाईंनी, न्यूझीलंडमधल्या 'ते आरोहा' नावाच्या गावाजवळच्या आपल्या गोठ्यात बघून बघून. सुरुवातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं फारसं मनावर घेतलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण गुरांजवळ दिवसभर असणाऱ्या माणसाचं बघणं किती कामाचं असतं, हा तुमच्या पत्रातलाही मुद्दा आहे. त्याकडे येतेच.

आता तुमच्या गाईकडे. घरातले तिघं तीन कारणं सांगत आहेत, पण तिघांचाही रोख कातडीवर आहे. माझ्या मते गडबड आत, यकृतात आहे. जनावर हिरवं खातं तेव्हा पानातल्या हरितद्रव्यापासून पोटात एक पदार्थ तयार होतो, त्याला फायलोएरिथ्रिन म्हणतात. एरवी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकतं. पित्ताची वाट बंद झाली की मोरी तुंबल्यावर पाणी घरात फिरावं तसा तो रक्तात फिरू लागतो आणि कातडीपर्यंत पोचतो. तिथे ऊन लागलं की कातडी आतून भाजते. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो, गुलाबी कातडीत ते सरळ शिरतं. म्हणून तुमच्या गाईचे काळे पट्टे धड राहिले. नजर लागली असती तर तिनं रंग बघितला नसता, एवढं सासूबाईंना हसत हसत सांगायला हरकत नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती तुमच्या पत्रात नाही. बाकीची गुरं बरी आहेत हे तुम्ही त्यांची कातडी बघून ठरवलं असणार. गावरान गाय आणि म्हैस त्याच रानात चरल्या असतील तर त्यांच्याही यकृताला मार बसलेला असू शकतो. कातडी काळी असल्यानं तो दिसत नाही, एवढंच. आज संध्याकाळी प्रत्येकीची पापणी उलटून बघा, पिवळी आहे का. लघवी गडद, चहाच्या रंगाची होते का, शेण घट्ट आणि कमी पडतं का, रवंथ चालू आहे का, तेही बघा. वरून पांढऱ्या दिसणाऱ्या गावरान गाईची कातडी बऱ्याचदा खाली काळीच असते. केस बाजूला सारल्याशिवाय कळत नाही. तापीकाठच्या खिल्लारात मात्र नाकपुडी आणि खूर गुलाबी असलेली जनावरं असतात. अशी बैलजोडी कुणाकडे असेल तर त्यांनी जास्त जपावं.

मग यकृत बिघडवलं कशानं? पत्रावरून निदान होत नाही आणि तसा आव मी आणणार नाही. पण आखाजीनंतरचे दिवस, जंगलकाठ, गवत वाळून गेलेलं आणि जनावर भुकेलं, हे एकत्र आलं की माझा पहिला संशय घाणेरीवर जातो. टणटणी म्हणा, घाणेरी म्हणा. लाल, पिवळ्या, गुलाबी फुलांचे झुबके येणारं ते झुडूप. शोभेचं म्हणून इंग्रजी अमदानीत बाहेरून आणलं आणि सातपुड्याचे उतार व्यापून बसलं. भर उन्हाळ्यात सगळं रान करपतं तेव्हाही ते बऱ्याचदा हिरवं असतं. त्याच्या पानात लँटाडीन नावाचं विष असतं आणि ते पित्ताची तीच वाट बंद करतं. शिवाय जनावराचं पोट थंडावतं. रवंथ थांबतो, खाल्लेली पानं आत तशीच पडून राहतात आणि विष पुढेही थोडं थोडं भिनत राहतं. इंजेक्शननं एक दिवस बरं वाटून पुन्हा तेच होण्याचं कारण हे असू शकतं.

न्यूझीलंडच्या बुरशीत विष पोटात गेल्यावर कातडीवर दिसायला साधारण दहा ते चौदा दिवस जातात. घाणेरीत जनावर लवकर चारा सोडतं आणि दोन-तीन दिवसांत कावीळ आणि कातडी दिसू लागते. त्यामुळे तुम्हाला गुराख्याला विचारायचा प्रश्न अगदी नेमका आहे: गाईनं रवंथ सोडला त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत गुरं कुठे होती, आणि तिनं कशाला तोंड लावलं?

यासाठीच त्याला काढू नका. त्या रानात तुम्ही नव्हता, तुमचे पती सुरतेला होते, डॉक्टर गोठ्यात आले. गाईनं काय खाल्लं हे सांगू शकणारा एकच माणूस आहे, आणि पैसे कापायची धमकी दिली की तो "मला काय माहीत" म्हणून मोकळा होईल. त्यात त्याची चूक नसेल, कुणीही तेच करेल. त्याला चहाला बोलवा. "तू काय खाऊ घातलंस" असं विचारू नका. "तिनं काय खाल्लं असेल, तुला काय वाटतं" असं विचारा. मग त्याच्यासोबत एकदा त्या वाटेनं फिरून या. घाणेरीचे शेंडे खुडलेले दिसले तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

आता थोडं कडू बोलते, ताई. स्थानिक जनावर सहसा घाणेरीला तोंड लावत नाही. तिचा वास आणि चव दोन्ही नकोशी असतात. ती खाल्ली जाते ती पोट रिकामं असलं की, किंवा जनावर नवखं असलं, दुसऱ्या मुलखातून नुकतंच आणलेलं असलं की. तुम्हीच लिहिता की कडबा परवडेना म्हणून गुरं चराईला सोडली. म्हणजे सकाळी धार काढून गाय उपाशीच बाहेर पडत असणार, आणि रानात खाण्यासारखं हिरवं काय, तर घाणेरी. अशा वेळी कितीही लक्ष देणारा गुराखी वीस-पंचवीस गुरांच्या तोंडाकडे दिवसभर बघू शकत नाही. दोष कुणाला द्यायचाच तर तो कडब्याच्या भावाला द्या. पण उपाय मात्र तुमच्या हातात आहे: सकाळी सोडण्याआधी प्रत्येक मोठ्या जनावराला थोडा तरी सुका चारा आणि पोटभर पाणी. दादरचा (ज्वारीचा) कडबा महाग असेल तर मक्याचा कडबा, गव्हाचा भुसा, जे मिळेल ते. अर्धं पोट भरून निघालेली गाय निवडून खाते. गाय आठ दिवस आजारी पडली की औषध आणि बुडालेलं दूध धरून केवढ्याला पडतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता तिच्यासाठी लगेच काय करायचं. आजपासून ती उन्हात जाता कामा नये. झाडाची विरळ सावली पुरत नाही, पक्क्या छपराखाली बांधा आणि पश्चिमेकडून ऊन येत असेल तर गोणपाट लावा. भाचा कदाचित म्हणेल, दिवसा आत ठेवा आणि रात्री चारा. तिकडे ते ठीक आहे. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याच्या भीतीनं रात्री गुरं सोडायचं काम नाही, तेव्हा चारा गोठ्यातच टाका.

आणि तो चारा सुका असू द्या. आजाऱ्याला चांगलंचुंगलं म्हणून आपण लसूणघास, हिरवा मका पुढ्यात टाकतो. इथे नेमकं तेच नको. हिरव्यातल्या हरितद्रव्यापासूनच तो कातडी भाजणारा पदार्थ बनतो. कावीळ उतरेपर्यंत कडबा, भुसा, थोडा गूळ आणि भरपूर पाणी. तेल किंवा तूप पाजू नका. पित्त उतरत नसेल तर स्निग्ध पचत नाही, आणि बांबूच्या नळ्यानं जबरदस्तीनं पाजलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर गाय न्यूमोनियानं जाते.

डॉक्टरांना परत बोलवा. त्यांचं इंजेक्शन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. सूज आणि खाज उतरायला त्याचा उपयोग होतो. पण त्यांना चराईचं कुणी सांगितलं होतं का? या वेळी स्वतः सांगा: जंगलकाठाला चरत होती, घाणेरीचा संशय आहे, रवंथ अमुक दिवशी थांबला, लघवीचा रंग असा आहे. आणि गाभण आहे हे प्रत्येक भेटीत सांगा, कारण काही इंजेक्शनं गाभण गाईला देताना डॉक्टरांना विचार करावा लागतो. पोटात पानं अजून असतील तर ते विष शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा किंवा बेंटोनाइट माती नळीनं पोटात देतात. त्याची मात्रा वजनावर ठरते आणि मोठ्या गाईला ती किलोच्या हिशोबात लागते. चुलीतला कोळसा किंवा राख त्या जागी चालत नाही. यकृताची रक्ततपासणी करता येईल का तेही विचारा. जीजीटी आणि बिलिरुबिन हे आकडे कळले तर पुढचा अंदाज बांधता येतो. गावात डॉक्टर मिळत नसतील तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवता येतं.

सुटलेली कातडी ओढून काढू नका. खालची जागा कोमट मिठाच्या पाण्यानं पुसून डॉक्टर देतील ते मलम लावा. या दिवसांत माश्या बसून अळ्या पडतात, त्याकडे रोज लक्ष हवं. सडांना भेगा पडल्या असतील तर धार काढताना ती लाथ मारणारच, तिला मारू नका. दूध डॉक्टर हो म्हणेपर्यंत डेअरीत घालू नका आणि घरातही वापरू नका.

हे सगळं वाचताना बऱ्याच जणांच्या मनात लंपी आली असेल. साहजिक आहे. 2022च्या ऑगस्टमध्ये राज्यातली लंपीची सुरुवात आपल्याच खानदेशातल्या रावेर तालुक्यातून झाली होती. लंपीत ताप येतो आणि अंगभर टणक गाठी उठतात. या गाठी काळ्या आणि पांढऱ्या कातडीत भेद करत नाहीत. गाठी दिसल्या तर जनावर वेगळं बांधा आणि त्याच दिवशी कळवा. गाजर गवतानंही कातडीवर चट्टे येतात. तिथे गवत अंगाला घासतं त्या जागा, म्हणजे पाय, पोट, तोंड, आधी बघायच्या.

मेंढ्या-शेळ्या असणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण साक्री भागातून मेंढपाळ ठेलारी बांधवांचे असेच प्रश्न येतात. शेळी काहीही पचवते हा गैरसमज आहे. घाणेरी तिलाही बाधते. पाऊस सुरू झाला की दुसरा एक धोका उगवतो, तो म्हणजे सराटा. पायात रुततो तोच. कोरड्या काळानंतर पाऊस पडून तो माजतो आणि पुन्हा उघडीप पडून कोमेजतो, तेव्हा मेंढ्यांनी नुसता तोच खाल्ला तर यकृत बिघडून तोंड सुजतं, कान पडतात. दक्षिण आफ्रिकेत मेंढपाळांना हा आजार फार जुना ठाऊक आहे. कळप सराट्यानं भरलेल्या पडीक रानात दिवसभर थांबवू नका, चरत पुढे न्या. आणि लोकर कातरल्यावर पहिले काही दिवस गोऱ्या कातडीच्या मेंढीला ऊन जास्त बाधतं.

यकृत बिघडायची तिसरी वाट गोठ्यातूनच येते. अवकाळीत भिजलेला कडबा, काळी पडलेली मक्याची कणसं, ढेकळं झालेली सरकी पेंड जनावरांना घालू नका. बुरशीची विषं यकृतावरच जातात. वाळवून, झटकून ती निघत नाहीत.

घाणेरीचं रान साफ करायचं असेल तर नुसती छाटू नका, छाटली की दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवतात, तेही फळं धरण्याआधी, नाहीतर पक्षी बी पसरवतात. तोडलेला पाला बांधावर पडू देऊ नका. वाळलेली पानंही विषारीच असतात. स्वतःच्या बांधावर हे करता येईल. वनखात्याच्या जागेत हात लावण्याआधी गावच्या वनसमितीला आणि वनरक्षकाला विचारा. सगळं रान एका वर्षात साफ होणार नाही, पण पाण्याला जायची वाट आणि दुपारी गुरं बसतात ती जागा मोकळी केली तरी मोठं काम होईल. यात गुराख्याला सोबत घ्या, मजुरी देऊन.

सासूबाईंची मानता असेल तर करू द्या. तेवढ्यानं त्यांचा जीव थाऱ्यावर येत असेल तर गाईचं काही बिघडत नाही. फक्त अंगारा जखमेवर लावायचा नाही आणि गाईला पूजेसाठी उन्हात उभं करायचं नाही, या दोन गोष्टी आधी बोलून घ्या.

नवऱ्याला फोन करताना "तुम्ही म्हणता तसं नाही" इथून सुरुवात करू नका. लांब राहणाऱ्या माणसाला घरचं काही करता येत नाही, मग राग कुणावर तरी निघतो. पापणीचा, लघवीचा, खुडलेल्या घाणेरीचा फोटो पाठवा आणि सांगा की डॉक्टर काय म्हणाले. गुराख्याचे पैसे मात्र महिनाअखेरीला ठरल्याप्रमाणे द्या. कारण कळायच्या आत कापलेले पैसे नंतर परत करणं फार अवघड जातं.

राहिला विकण्याचा प्रश्न. आत्ता विकू नका. आज तिला बाजारात नेलं तर भाव पडेल, आणि कातडी बघून कुणी लंपी म्हणालं तर तिथेच गोंधळ होईल. यकृत बऱ्यापैकी भरून येणारा अवयव आहे. सावली, सुका चारा आणि वेळेवर उपचार मिळाले तर नवी कातडी येते. पण वरून बरी दिसली म्हणजे आतून पूर्ण बरी झाली असं नाही. आतून कमजोर राहिलेल्या गाई पुढे विण्याच्या वेळी, दुधाचा भार पडला की खचतात, हे न्यूझीलंडमध्ये वारंवार बघितलं जातं. म्हणून आठव्या महिन्याच्या सुमाराला पुन्हा एकदा रक्त तपासून घ्या आणि विण्याआधी तिचा खुराक डॉक्टरांना विचारून ठरवा. तेव्हाही आकडे वाईट असतील आणि विकायचीच वेळ आली, तर घेणाऱ्याला आजार सांगून विका. पैसे कमी येतील, पण पुढच्याला तिला उन्हात बांधायचं नाही एवढं तरी कळेल.